अख्खं काढलं, तुकडा सांगितला

तनुजा सोळुंके म्हणजे गरीब गाय, असं नांदेडच्या मेसमधल्या पोरी म्हणायच्या. वर मान करून बोलायची नाही, कुणाशी भांडायची नाही, ताटात पडेल ते खायची. त्याच पोरींनी पुढे तिला लातूरच्या सुनावणीत पाहिलं असतं तर ओळखलंही नसतं. एका माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं म्हणून तिनं चार वर्षं दम धरला होता, आणि त्या चार वर्षांत स्वतःच्या आईलासुद्धा त्याचा सुगावा लागू दिला नव्हता.

सुरुवात झाली ती एका क्लासमध्ये. बी.एस्सी. होऊन नोकरी मिळेना, तेव्हा तनुजानं नांदेडातच मेडिकल कोडिंगचा क्लास लावला. काम असं, की परदेशातल्या दवाखान्यांत झालेल्या ऑपरेशनचे कागद वाचायचे आणि प्रत्येक ऑपरेशनला सात अक्षरांचा एक कोड द्यायचा. शिकवायला बुद्धप्रिया मॅडम होत्या. हैदराबादेत नऊ वर्षं हेच काम करून आलेल्या, आवाजानं मऊ, पण शब्दाच्या बाबतीत फार कडक.

"तिसरं अक्षर नीट बघा," त्या म्हणायच्या. "डॉक्टरनं आत नेमकं काय केलं ते तिसरं अक्षर सांगतं. अशी एकतीस कामं ठरलेली आहेत. अवयवाचा तुकडा कापून काढला तर ते एक्सिजन, अक्षर बी. अख्खा अवयव काढला तर रिसेक्शन, अक्षर टी. पोटावरचा व्रण दोन्हीकडं सारखाच दिसतो. पण माणसाच्या अंगात काय उरलं, ते ह्या एका अक्षरावरून कळतं."

"पण मॅडम," एका मुलीनं विचारलं, "डॉक्टरनं वरती ऑपरेशनचं नाव लिहिलेलंच असतंय की."

"त्या नावावर जायचं नाही. खाली काय काय केलं ते ओळ न् ओळ वाचायचं. लॅबचा रिपोर्ट हाताशी असला तर ताडून बघायचं. मेळ बसला नाही तर डॉक्टरला विचारायचं. मनानं ठोकून द्यायचं नाही."

सरावासाठी त्यांनी सांगितलं, घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे जुने कागद काढून वाचा.

तनुजाच्या घरात एकच ऑपरेशन झालं होतं, आईचं. रुक्मिणबाईचे कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले होते. डॉक्टर म्हणाले होते जपून ठेव, म्हणून तिनं ते निलंग्याकडच्या गावातून नांदेडला येतानाही सोबत आणले होते. तेरा वर्षांत ते कुणी वाचले नव्हते, कारण सगळे इंग्रजीत होते.

दुपारी आई मेसवर असताना तनुजानं ते जमिनीवर पसरले. दवाखान्याच्या कार्डावर लिहिलं होतं, डाव्या अंडाशयावरची गाठ काढली. तिनं पेन्सिलीनं वहीत लिहिलं, बी. मग लॅबचा रिपोर्ट उघडला. लॅबवाल्यानं बरणीत काय आलं ते मोजून लिहिलं होतं. डावं अंडाशय, पूर्ण, सहा सेंटिमीटरच्या गाठीसकट. उजवं अंडाशय, पूर्ण, तीन सेंटिमीटर, कोणताही दोष नाही.

तिनं ते तीनदा वाचलं. मग वहीतला बी खोडला आणि त्या जागी टी लिहिला. पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्या टीचा अर्थ कळायला तिला पुस्तकाची गरज नव्हती. तिनं तो घरात पाहिला होता.

ऑपरेशन झालं तेव्हा तनुजा नऊ वर्षांची होती आणि रुक्मिणबाई एकोणतीस. लातूरच्या शिवशंकर डॉक्टरांचा दवाखाना त्या वेळी निलंगा-किल्लारी भागातल्या बायकांनी भरलेला असायचा. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "गाठ होती, काढली. आता निवांत राहा." पण रुक्मिणबाईची पाळी परत आलीच नाही. एकोणतिशीत तिच्या अंगाची आग व्हायला लागली, ऐन थंडीत ती घामानं भिजायची. केस गेले, गुडघे गेले. दर दोन महिन्यांनी ती एसटीनं लातूरला जायची आणि डॉक्टर म्हणायचे, "अंगात रक्त कमी आहे. पाळी येईल, गोळ्या घे." चार वर्षं तिनं त्या गोळ्या घेतल्या. दुसरं लेकरू व्हावं म्हणून मंगळवारचे उपास धरले, नवस बोलली, वैद्याची कडू मुळी उगाळून प्याली.

तिची सासू धोंडाबाई अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "काकवांझ हाय आमच्या घरात. कावळीवानी एकदाच व्याली." ज्या बाईला एकच मूल होतं तिला हा शब्द. डोहाळजेवणाचं बोलावणं यायचं ते घरातल्या दुसऱ्या बायकांना. रुक्मिणबाई मागं राहून भाकरी थापायची. चौथ्या वर्षी तनुजाच्या वडिलांनी, ग्यानोबानं, सिंधु नावाची दुसरी बायको घरात आणली. तिला वर्षात मुलगा झाला. त्याच्या बारशाला पाण्याच्या घागरी रुक्मिणबाईनं भरल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात तनुजाचा हात धरून ती नांदेडला मावसबहिणीकडं निघून आली. तेव्हापासून ती क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटत होती.

हे सगळं तनुजाला माहीत होतं. पण त्या दुपारपर्यंत ती त्याला नशीब समजत होती. आता त्याला एक नाव होतं, पत्ता होता, दवाखान्याची वेळ होती.

ती एका वकिलाकडं गेली. त्यानं कागद पाहिले आणि मान हलवली. "तेरा वर्षं झाली. दवाखान्यानं कागद ठेवलेही नसतील. डॉक्टर म्हणेल जीव वाचवायला काढलं. एकट्या बाईची केस टिकत नाही, बेटा."

"मग किती बायकांची पाहिजे?" तनुजानं विचारलं.

वकील हसला. तनुजा हसली नाही.

घरी येऊन तिनं आईला काहीच सांगितलं नाही. सांगावं असं दोन-तीनदा ओठांवर आलं. पण तिला ते आपल्या तोंडून सांगायचं नव्हतं. ज्या तोंडानं चार वर्षं "पाळी येईल" म्हटलं, त्याच तोंडानं आईसमोर खरं म्हणावं, आणि ऐकायला माणसं असावीत, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. ते एकदा बसलं ते हललं नाही.

दोन वर्षं तिनं हैदराबादेत कोडिंग केलं. दिवसाला पंधरा-सोळा ऑपरेशनचे कागद. परक्या बायकांची पोटं, परक्या डॉक्टरांची भाषा. बाकीच्या पोरी कंटाळायच्या. तनुजा धार लावावी तशी काम करायची. डॉक्टर कुठं शब्द मोघम ठेवतो, कुठं मुद्दाम गाळतो, कुठं आधीच्या पेशंटचीच ओळ उचलून चिकटवतो, हे तिला वासानं कळायला लागलं. मग नांदेड-लातूरच्या दवाखान्यांचे सरकारी विमा योजनेतले कागद तपासणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली. इथले कोड वेगळे होते, पण प्रश्न तोच होता, काढलं किती आणि सांगितलं काय. मुलाखतीत विचारलं, कोणता भाग घ्याल? तनुजा म्हणाली, लातूर. तिथं जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं.

तिचे वरिष्ठ होते गुरुपादप्पा सर, उदगीरकडचे, निवृत्त सर्जन. अंगानं थोराड, बोलायला तुटक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आपल्याला कुणाचं भलं करायचं नाही, बुरं करायचं नाही. कागदात आहे ते लिहायचं." तनुजानं मान डोलावली. तिच्या आईचं त्या दवाखान्यात काय झालं होतं ते तिनं लपवलं.

सहा महिन्यांत शिवशंकर डॉक्टरांचे कागद तिच्यासमोर आले. वरवर पाहता एकदम चोख. तिशी-पस्तिशीच्या बायका, निदान व्यवस्थित, योजनेकडं पाठवलेल्या कागदात सरळ लिहिलेलं, दोन्ही अंडाशयं पूर्ण काढली. खोटं कुठं आहे तेच सापडेना. मग तिनं बायकांच्या घरी जायला सुरुवात केली.

किल्लारीच्या करिश्मानं, एकतीस वर्षांच्या, आपलं कार्ड डब्यातून काढून दिलं. तनुजानं ते उघडलं आणि पिशवीतला योजनेचा कागद काढून त्याच्या शेजारी धरला. बाईच्या हातातल्या कार्डावर होतं, गाठ काढली. योजनेकडं गेलेल्या कागदावर, दोन्ही अख्खी काढली. एकाच तारखेचे, एकाच सहीचे दोन कागद. योजनेला टी, कारण त्याचे पैसे जास्त, आणि बाईला बी.

"ताई, पाळी कधी येईल म्हनले डॉक्टर?" करिश्मा विचारत होती. "सासू लई बोलायलीय."

तनुजानं तिला तिथंच, उंबऱ्यात बसून, सगळं सांगितलं. आईला जे सांगितलं नव्हतं ते करिश्माला सांगितलं. करिश्मा रडली नाही. तिनं कार्ड परत घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, "त्याला काय होईल?"

"तुम्ही बोललात तर होईल."

"मी बोलते."

निलंगा, औसा, उमरगा रोड, अशा गावागावांतून तनुजानं अकरा बायका गोळा केल्या. मध्येच रीतसर तपासणीसाठी ती दवाखान्यातही गेली. शिवशंकर डॉक्टर आता साठीचे, केस पांढरे, बोलणं गोड. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. "बेटा, कुठली तू?" तनुजा म्हणाली, नांदेडची. ती तो चहा पूर्ण प्याली. कार्डावर नुसतं गाठ का लिहिता, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगं, आपल्या भागातल्या बायका भोळ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "अंडाशय वगैरे सांगून काय समजणार त्यांना? गाठ म्हटलं की समाधान होतं. घरी जातात, कामाला लागतात."

बाहेर येऊन तिनं ते वाक्य जसंच्या तसं डायरीत उतरवलं, तारीख आणि वेळ टाकून. तिला बरं वाटत होतं, पुष्कळ दिवसांनी भूक लागावी तसं.

अहवाल तयार झाला तेव्हा त्यात बारा नावं होती. गुरुपादप्पा सरांनी तो दोन दिवस वाचला आणि तिला खोलीत बोलावलं.

"ही बारावी कशी आली? हिच्या सोनोग्राफीत दोन्हीकडं गाठी आहेत. लॅबही तेच सांगते. हिच्या कार्डावरसुद्धा दोन्ही काढली असंच लिहिलंय. ह्यात डॉक्टर बरोबर आहे."

तनुजाला ते माहीत होतं. ओळ लिहिताना माहीत होतं. अकरापेक्षा बारा जड, एवढाच विचार तिनं केला होता.

"तुला तपासणीत चूक करताना मी पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "म्हणजे ही चूक नाही. कोण लागतो हा माणूस तुझा?"

तेव्हा तिनं सांगितलं. आईचं कार्ड, लॅबचा रिपोर्ट, सासू, सवत, मेस, सगळं. सर खिडकीकडं बघत ऐकत होते.

"नोकरी घेताना हे सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर लातूर दिलं नसतं."

"दिलं नसतं," सर म्हणाले. "एक खोटं घातलंस तर अकरा खरी बुडतील, हे कळत नाही तुला? त्याच्या वकिलानं हे एकच नाव धरलं असतं आणि तुझ्या बाकीच्या बायका घरी गेल्या असत्या. आता ऐक. तू ह्या कामातून बाजूला. अकरा नावं दुसरा माणूस पहिल्यापासून तपासेल. आणि तुला सूडच घ्यायचा असेल तर तपासणीवाली म्हणून नको घेऊ. तक्रारदार हो आणि समोर बैस."

दुसऱ्या माणसानं दोन महिने तपासलं. अकराच्या अकरा टिकली. रुक्मिणबाईचं ऑपरेशन योजनेच्या आधीचं होतं, तरी तिची तक्रार जुना पुरावा म्हणून जोडून घ्यायला योजनेच्या चौकशी समितीनं मान्यता दिली. त्या अर्जावर रुक्मिणबाईची सही हवी होती. तनुजा संध्याकाळी मेसवर गेली, पिठाच्या हातानं आईला सही करायला लावली आणि म्हणाली, "माझ्या ऑफिसचा कागद हाय, माय." रुक्मिणबाईनं हात पुसला आणि एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं.

सुनावणी लातूरला, सकाळी अकरा वाजता, एका सरकारी इमारतीच्या लांबट खोलीत होती. समोर तिघांची समिती, मध्ये गुरुपादप्पा सर, एका बाजूला एक वयस्कर डॉक्टरीण आणि दुसऱ्या बाजूला कलेक्टर कचेरीतला अधिकारी. अकरा बायका, कुणाचा भाऊ, कुणाची आई, दोघींचे नवरे. शिवशंकर डॉक्टर वकिलासोबत आले होते. रुक्मिणबाईला तनुजानं सांगितलं होतं, तुझ्या ऑपरेशनची चौकशी हाय. ती इस्त्रीचं लुगडं नेसून शेवटच्या खुर्चीवर बसली होती, आणि डॉक्टर आत आले तेव्हा सवयीनं उठून उभी राहिली. तनुजानं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

अकरा जणी बोलल्या. करिश्मा सगळ्यांत मोठ्यानं बोलली. डॉक्टरांच्या वकिलाकडं प्रत्येकीला एकच उत्तर होतं, समजावून सांगितलं होतं, ह्यांना कळलं नाही. मग रुक्मिणबाईचं नाव पुकारलं. तनुजा उभी राहिली.

"माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही," ती म्हणाली. "लॅबचा रिपोर्ट डॉक्टरांनी स्वतः मराठीत वाचून दाखवावा. एवढीच माझी मागणी आहे."

वकील काही बोलायला लागला. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "वाचू द्या."

शिवशंकर डॉक्टरांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन त्यांनी एकदा रुक्मिणबाईकडं पाहिलं. तिची ओळख त्यांना पटली नव्हती हे तनुजाला स्पष्ट दिसलं. चार वर्षं जिच्यासाठी ती ह्या क्षणाची वाट बघत होती, ती बाई त्या माणसाच्या ध्यानातही नव्हती.

"डावं अंडाशय, पूर्ण," डॉक्टरांनी वाचलं. "गाठीसह. उजवं अंडाशय, पूर्ण." ते थांबले.

"पुढं," गुरुपादप्पा सर म्हणाले.

"दोष आढळला नाही."

खोलीत पंखा फिरत होता. रुक्मिणबाईनं विचारलं, "म्हंजी काय, डॉक्टरसाहेब?"

"म्हणजे दोन्ही काढली होती, बाई. पुढं त्रास होऊ नये, परत पोट उघडायला लागू नये म्हणून."

"दोन्ही काढल्यावर लेकरू व्हतंय का?"

"नाही."

"पाळी?"

"नाही येत."

रुक्मिणबाईनं अगदी हळू विचारलं, "मंग तुमी मला चार वरसं त्या गोळ्या कशाच्या दिल्या?"

डॉक्टरांनी वकिलाकडं पाहिलं. वकिलानं कागदात पाहिलं. "रक्तवाढीच्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "लोहाच्या."

अकरा बायकांतून कुणीतरी "आई गं" म्हटलं. तनुजाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छाती मोकळी होईल. झालीही. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो तिनं डोळे भरून पाहून घेतला. तेवढ्यात वकील उठला. त्याच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता.

"पेशंटच्या घरच्यांना सगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. "हे संमतिपत्र. मराठीत आहे. दोन्ही अंडाशयं काढण्यास माझी संमती आहे. खाली सही, पती, ग्यानोबा सोळुंके."

कागद समितीकडं गेला, तिथून तनुजाकडं आला. सही वडिलांचीच होती. शाळेच्या दाखल्यावर तिनं ती पाहिली होती, मोठा ग्या आणि खाली ओढलेली रेघ.

गुरुपादप्पा सर डॉक्टरांना म्हणाले, "अंग हिचं होतं. हिची सही कुठं आहे?" ते वाक्य पुढं निकालातही आलं. पण तनुजानं ते त्या वेळी धड ऐकलंच नाही. ती आईकडं बघत होती, आणि आई तिच्याकडं.

बाहेर जिन्यात रुक्मिणबाई थांबली. "तुला कधी कळलं व्हतं?"

"चार वरसं झाली, माय."

"चार वरसं," रुक्मिणबाई म्हणाली. "त्यानंबी चार वरसं गोळ्या दिल्या. आन् त्या दिशी मेसवर तू सही घेतलीस. काय लिव्हलंय ते न सांगता." तिचा आवाज चढला नव्हता. "सगळ्यांला माझ्या अंगाचं माझ्या आधी ठावं."

"मला त्याच्या तोंडून वदवायचं होतं. तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी न्हाई केलं. तुला त्याचं तोंड बघायचं व्हतं. बगितलंस."

रुक्मिणबाई जिना उतरून सरळ बसस्टँडकडं चालू लागली. नांदेडच्या नाही, निलंग्याच्या गाडीत बसली. तनुजा मागच्या सीटवर बसली. दीड तास आईनं मागं वळून पाहिलं नाही.

गावात पोचल्या तेव्हा अजून ऊन होतं. बारा वर्षांनी रुक्मिणबाई त्या दारात उभी राहिली. ग्यानोबा ओट्यावर बसून नातेवाइकांशी फोनवर बोलत होता. तिला पाहून त्यानं फोन खाली ठेवला. धोंडाबाई आत बाजेवर होती, डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. सिंधु सुपातली तूर तशीच ठेवून दाराशी आली.

"तुमी सही केली व्हती," रुक्मिणबाई म्हणाली. "दोन्ही काढायला."

ग्यानोबा आधी नाही म्हणाला. मग तनुजानं मोबाइलवर काढलेला त्या कागदाचा फोटो पुढं धरला. तो आपल्याच सहीकडं बघत बोलायला लागला.

"डॉक्टर म्हनले, दुसऱ्या बाजूलाबी कधीतरी होईल, एकदाच काढून टाकू. मी हाव म्हनलो. मला काय कळतंय त्यातलं."

"पुन्हा लेकरू व्हनार न्हाई, हे सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं?"

ग्यानोबानं आतल्या बाजेकडं पाहिलं. "माय म्हन्ली, सांगू नको. तिचे भाऊ भांडायला येतील, म्हनतील तूच तिला निकामी केलीस. खाऊ दे गोळ्या, गप ऱ्हाईल."

आतून धोंडाबाईचा आवाज आला, "झालं ते झालं आता."

"मला सांगितलं व्हतं, देवानंच तिची कूस बंद केली," सिंधु दारातून म्हणाली. ती नवऱ्याकडं बघत होती. तिनं पदर खोचला, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून रुक्मिणबाईच्या हातात दिला.

रुक्मिणबाई पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला आणि ओट्यावरून उतरली. तनुजाला वाटलं, आता गाडी पकडायची. पण रुक्मिणबाई शेजारच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. घरातली बाई बाहेर आली. रुक्मिणबाई म्हणाली, "मी काकवांझ न्हवते. माझी दोन्ही अंडाशयं डॉक्टरनं काढली, माझ्या नवऱ्याच्या सहीनं. त्यानं आन् त्याच्या मायनं मला सांगितलं न्हाई. तुमी मला डोहाळजेवनाला बोलावलं न्हाई, म्हनून सांगायला आले." एवढं बोलून ती पुढच्या दाराशी गेली. तिथं पुन्हा तेच, त्याच शब्दांत. मग तिसऱ्या. आवाज चढवला नाही, रडली नाही, कुणी बस म्हटलं तर बसली नाही. गल्लीतली चौदा घरं, मग पाराजवळची, मग गिरणी. गिरणीत दळणाला आलेल्या सात-आठ बाया होत्या. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली, म्हणून तिथं ते सगळ्यांत स्वच्छ ऐकू गेलं.

ग्यानोबा ओट्यावरून हलला नव्हता. पहिल्या दोन-तीन दारांना तो "अगं रुक्मिन" म्हणून हाक मारत होता. नंतर त्यानं तेही बंद केलं. तनुजा आईच्या चार पावलं मागून चालत होती. अहवाल, सुनावणी, चार वर्षांची तयारी, ह्या सगळ्यापेक्षा आईच्या त्या साध्या चालण्यात जास्त धार होती, हे तिला दिसत होतं, आणि त्याचा तिला हेवाही वाटला.

निकाल पावणेदोन महिन्यांनी आला. दवाखाना योजनेतून काढून टाकला. डॉक्टरांचा परवाना वैद्यकीय परिषदेनं दोन वर्षांसाठी थांबवला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, त्याचं काम अजून चालू आहे. अकरापैकी नऊ जणी अजून तारखांना येतात. करिश्मा सगळ्यांना फोन करून आठवण देते. ग्यानोबानं तनुजाला सहा वेळा फोन केला. तिनं एकदाही उचलला नाही. पारावर आता त्याच्याशेजारी कुणी बसत नाही आणि सिंधु मुलाला घेऊन माहेरी जाऊन बसली, असं गावाकडून कळलं. तनुजानं ती बातमी आईला सांगितली. रुक्मिणबाईनं पोळी उलटली.

ती तनुजाशी तशी बोलतच नव्हती. जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची, पण शब्द नाही. असे तीन महिने गेले. ह्या तीन महिन्यांत तनुजानं रविवारची किल्लारीची एक फेरी धरली. करिश्माच्या घरी बायका आपापले कागद घेऊन यायच्या आणि तनुजा ते मराठीत वाचून दाखवायची. काय काढलं, किती काढलं, काय उरलं. लोक त्याला समाजसेवा म्हणायचे. तनुजाला माहीत होतं, ती त्या कागदांत दुसऱ्या डॉक्टरचं नाव शोधते आहे. एक सापडलंही होतं, बिलोलीकडचं.

एका संध्याकाळी ती त्या बिलोलीच्या कागदांवर वाकलेली असताना रुक्मिणबाई मेसवरून आली. चप्पल काढली, पाय धुतले, शेजारी येऊन बसली आणि कागदाकडं बघत राहिली.

"दोन वरसांनी तो लातूरचा डॉक्टर परत दवाखाना उघडंल ना?" तिनं विचारलं.

"उघडंल, माय."

"मंग?"

"मग त्याचे कागद पुन्हा येतील की कुणाच्या तरी हातात. आणि मी काही कुठं जात नाही."

रुक्मिणबाईनं समोरचा कागद उचलून दिव्याकडं धरला. एक ओळ बोटानं दाखवत म्हणाली, "हितं काय लिव्हलंय? समदं सांग. मधलं काई गाळू नको."

तनुजा सरकून आईजवळ बसली आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.